मनरूपाची ग्रीसगन

दार्जिलिंगजवळच्या मानेभंजांगच्या जीप-स्टँडवर कुणालाही विचारा, रत्नध्वज मुखियाला बायका किती? तो हसून सांगेल, दोन. जेठी लँडरोव्हर आणि कांछी मनरूपा.

जेठी म्हणजे थोरली, कांछी म्हणजे धाकटी. जीप थोरली, कारण घरात ती आधी आली. रत्नध्वजच्या बापाने चहामळ्यातल्या साहेबाकडून ती विकत घेतली तेव्हा रत्नध्वज आईच्या पाठीवर बांधलेला होता. मनरूपा आली ती पुढे कितीतरी वर्षांनी, आणि तीही ह्याच जीपच्या मागच्या बाकावर बसून, डोक्यावर ओढणी, मांडीवर ट्रंक, आणि घाटात उलटी होऊ नये म्हणून तोंडात आवळा. तेव्हापासून जीपला सवत म्हणायची तिची रीत. "सवतीला तेलपाणी आधी, मग मला चहा," असं ती शेजारणींना सांगायची. त्यात तक्रार कमी आणि मिरवणं जास्त. कारण वर संदकफू शिखराकडे जाणाऱ्या त्या दगडी चढावर, जिथे पाय घसरतो तिथे चाक चढवायचं असतं, जेठी कधी अडकून पडली नव्हती. आणि ती का अडकत नाही, हे सगळ्या मानेभंजांगला ठाऊक होतं. रत्नध्वज तिला दुसऱ्याचा हात लागू देत नसे.

त्या पावसाळ्यात गोठ्याचा पत्रा बांधताना तो घसरला आणि उजवा खांदा निखळला. दार्जिलिंगच्या डॉक्टरांनी खांदा बसवून दिला. स्टिअरिंग धरता येऊ लागलं, गिअर तर डाव्याच हाताचे. पण हात खांद्याच्या वर न्यायचा म्हटलं की कुणीतरी आत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं.

बाकी वर्षभर हे चाललंही असतं. पण पावसाळा संपत आला होता. वरच्या वाटेवर झरे रस्त्यातूनच वाहतात. चार महिने त्या पाण्यातून गेल्यावर गाडीखालच्या, चाकं फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांतलं ग्रीस धुऊन जातं. विश्वकर्मा पूजा तोंडावर आलेली, आणि पूजा झाली की लगेच वर जाणाऱ्या पाहुण्यांची झुंबड. म्हणून पूजेआधी जेठीला ग्रीस भरायचं, हा त्या घरातला कुळाचारच होता.

रत्नध्वज पोतं अंथरून जीपखाली शिरला. त्याच्याकडे बापाच्या काळची लांब दांड्याची ग्रीसगन होती. एका हाताने नळकांडं धरायचं, दुसऱ्याने दांडा ओढायचा, आणि नळीचं तोंड ग्रीस आत जायच्या निपलवरून सटकू नये म्हणून तिसरा हात देवाने द्यायला हवा होता. मनरूपा ओसरीत मक्याची कणसं सोलत होती. आधी दांड्याचा करकर आवाज आला, मग एक शिवी, मग काहीतरी जमिनीवर आपटलं. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी तो सरपटत बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

कुंपणापलीकडून नोर्बू शेर्पाने मान वर काढली. त्याचीही लँडरोव्हर, त्याचंही घर लागूनच. रत्नध्वजला तो दाजू म्हणायचा, थोरला भाऊ म्हणून.

"दाजू, मी मारून देऊ का ग्रीस? चहा पाजलात तरी पुरे."

"तुझ्या गाडीच्या पंख्याचा पट्टा सकाळी डुकरासारखा किंचाळत होता. तो आधी बघ."

"माझा पट्टा किंचाळतो, तुम्ही आतल्या आत किंचाळता. दोघांचं दुखणं सारखंच."

"माझ्या गाडीखाली आजवर बाबा गेले आणि मी गेलो. तिसरा जाणार नाही."

"मग काय करणार?"

"राहील उभी."

नोर्बूला ती थट्टा वाटली. पण दुपारी रत्नध्वजने माळ्यावरून निळी ताडपत्री काढली, जीपवर टाकली आणि चारी कोपरे दोरीने आवळून बांधले. मनरूपा दारात उभी राहून बघत होती. माणूस गेल्यावर त्याच्या तोंडावर चादर ओढतात, तसं तिला ते दिसलं. ह्या माणसाशी बोलून काही होत नाही, करून दाखवलं तर होतं, एवढं तिला संसारात कळून चुकलं होतं.

चार दिवसांनी दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, कापडचोपडाच्या निमित्ताने ती सिलिगुडीला गेली. कापड घ्यायच्या आधी ती गेली गाडीच्या सुट्या भागांच्या गल्लीत. दुकानदार बिहारकडचा झाजी. गल्ल्यावर बसून तो पान लावत होता.

"काय देऊ दीदी?"

"ग्रीसगन."

"गाडी कोणती?"

"लँडरोव्हर. जुनी आहे."

"किती जुनी?"

"माझ्या नवऱ्याएवढी."

झाजीने पान गालात सरकवलं. "मग दोघांनाही ग्रीस लागत असेल."

"गाडीला लागतं. नवऱ्याला कितीही मारा, करकरतोच."

झाजी मोकळं हसला आणि माल काढू लागला. त्याने तीन गन फळीवर मांडल्या. पहिली लांब दांड्याची, घरी होती तसलीच. "जोर हिला सगळ्यात जास्त. अडलेल्या सांध्यातही ग्रीस घुसवते." दुसरी बॅटरीवर चालणारी. "बटण दाबा, काम झालं. पण किंमत तशीच, आणि डोकं ताळ्यावर ठेवून दाबावं लागतं. हात ढिला सोडला तर सांध्याचं रबर फाडून मोकळी." तिसरी पिस्तुलासारखी, मुठीत धरून चाप दाबायची. "ही एका हाताची. एका दाबात ग्रीस थोडंच येतं. पण दुसरा हात मोकळा राहतो."

मनरूपाने तिन्ही उचलून पाहिल्या. उभ्याने सगळ्याच बऱ्या वाटत होत्या. मग तिने कोपऱ्यातला खोक्याचा पुठ्ठा ओढला, लोखंडी टेबलाखाली अंथरला, आणि नेसूची फरिया गुंडाळून घेऊन त्यावर चक्क उताणी झाली.

"अरे दीदी, हे काय?"

"गाडीखाली उभं राहून ग्रीस भरतात का तुमच्याकडे? द्या एकेक."

दोन गिऱ्हाइकं बोल्ट निवडायचं सोडून बघत राहिली. झाजीने मुकाट्याने एकेक गन खाली दिली. दांड्याची वर धरली तर तिचे दोन्ही हात अडकले आणि कोपर जमिनीला लागलं. बॅटरीवाली छातीवर धोंडा ठेवल्यासारखी जड. शिवाय पावसात चार-चार दिवस जिथे वीज नसते तिथे ती चार्ज करणार कोण? तिसरी मुठीत बसली. तिने चाप दाबला, सोडला, दाबला, सोडला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत जी शीर ताणली गेली ती तिच्या ओळखीची होती. रोज पहाटे गाईची धार काढताना तीच ताणते.

ही गन आपण नवऱ्यासाठी घेतोय, असंच ती अजून मनाशी म्हणत होती.

"ही द्या," ती टेबलाखालून म्हणाली. "पण हिची नळी ताठ आहे. नवरा ज्याला नेहमी शिव्या घालतो ते गाडीच्या आडव्या पट्टीच्या वरचं निपल कसं गाठायचं?"

"रबरी नळी लावून देतो, वळेल तशी वळते. आणि हे तोंड घ्या. निपलला चावून बसतं, धरून ठेवावं लागत नाही." झाजीला आता गिऱ्हाइकात गोडी वाटू लागली होती. "ग्रीस कुठलं चालतं तुमच्याकडे?"

तिने कमरेच्या पटुक्यातून एक चिंधी काढली. घरच्या डब्यातलं ग्रीस तिने त्या चिंधीला पुसून आणलं होतं. झाजीने ते बोटांत चोळलं, वास घेतला. "लिथियम. हेच न्या. दोन जातींची मिसळ करू नका, पातळ होऊन गळून जातं." मूठभर नवी निपलंही त्याने पुडीत बांधली आणि पुडीचे पैसे धरले नाहीत.

कापड घ्यायचं राहूनच गेलं.

घरी रत्नध्वजने पुडकं सोडलं आणि गन दोन बोटांत धरून उलटीसुलटी केली.

"हे काय आणलंस? होळीची पिचकारी?"

"एका हाताने चालते. डावा हात धडधाकट आहे ना तुमचा?"

"बाबांच्या गनने एवढी वर्षं काढली..."

"बाबांचे दोन्ही खांदे जागेवर होते."

त्याने गन पुडक्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याने स्वतःच ताडपत्री सोडली. गनमध्ये ग्रीस भरलं, चारी चाकांना दगड लावले आणि आत शिरला. मागच्या बाजूचं खालचं एक निपल त्याने डाव्या हाताने उरकलं. "हं," असा आवाज मनरूपाने ऐकला, खुशीचा. पण पुढची निपलं वर होती. चाप डाव्याने दाबता येत होता. तोंड निपलवर बसवायला उजवा हात वर जायला हवा होता, आणि तो जात नव्हता. तिने त्याचे पाय पाहिले. टाचा जमिनीत रुतत होत्या. मग पाय सैल पडले.

तो बाहेर आला आणि ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. गन बाजूला ठेवली. तिच्याकडे बघेना.

मनरूपाने पदराने डोकं घट्ट बांधलं, गन उचलली आणि पोत्यावर आडवी झाली.

"ए बूढी! कुठे चाललीस?"

"सवतीचे पाय दाबायला."

"बाहेर नीघ! तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही कळत. तुम्हाला कळतं ना? मग सांगा. तोंड तर निखळलेलं नाही तुमचं."

जीपखालून तिला त्याचे फक्त बूट दिसत होते. ते दोन पावलं आले, थांबले, मागे फिरले, पुन्हा आले. मग त्याने वेताचा मोढा ओढल्याचा आवाज आला, आणि तो चाकाशी बसला.

"चाकांचे दगड बघितलेस?"

"तुम्हीच लावलेत."

"तरी बघ. दर वेळी बघायचे. आता पुढच्या शाफ्टचा सांधा. अधिक चिन्हासारखा क्रॉस दिसतो? त्याच्या पोटात निपल आहे. दिसलं?"

"दिसलं. चिखल आहे सगळा."

"पूस. आधी पूस! चिखलासकट ग्रीस मारलंस तर आत वाळूच भरलीस म्हणायची. अगं, टिळा लावतेस का त्याला? घासून पूस!"

तिने घासून पुसलं. तोंड निपलवर दाबलं तर ते कट् करून बसलं. चाप दाबला. एकदा, दोनदा, दहादा. काहीच नाही. चाप नुसता पोकळ हलत होता.

"येत नाही काही."

"येणार कसं? आत हवा अडकली असेल. गनचं डोकं अर्धा आटा सैल कर, मागचा दट्ट्या दाब. फुस्स होईल."

फुस्स झालं आणि त्यापाठोपाठ ग्रीसचा एक गोळा तिच्या गालावर पडला. ती हसली. बाहेरून तोही हसला. खांदा निखळल्यापासून पहिल्यांदाच.

मग लय लागली. चाप दाबला की क्रॉसच्या टोकांवरच्या टोप्यांतून आधी गढूळ पाणी आलं, मग काळं जुनं ग्रीस, आणि मग नवं, पिवळट. "नवं दिसलं की थांब," तो सांगायचा. "पोट भरल्यावर वाढू नये. रबर फाटतं." एक निपल दाद देईना. रत्नध्वजने ते पान्याने काढायला लावलं, नवं बसवायला लावलं. कुठे निपल वरच्या अंगाला गेलेलं असलं की शाफ्ट फिरवायला जीप उतारावर हातभर सरकू द्यावी लागे. त्या वेळी मात्र तो तिला पार कुंपणापर्यंत पिटाळायचा, ब्रेकशी स्वतः बसायचा, आणि पुन्हा दगड लावून ते लाथेने तपासल्याशिवाय तिला आत जाऊ द्यायचा नाही.

"एवढी काळजी जेठीची की माझी?" ती म्हणाली.

"जेठीला सुटे भाग मिळतात," तो म्हणाला.

शेवटी राहिला मागच्या शाफ्टचा पुढचा सांधा. अंधाऱ्या जागी, आडव्या पट्टीच्या वर. रबरी नळी वळवून तिने तो गाठला. तीन टोप्यांतून ग्रीस आलं. चौथी कोरडीच.

"एक टोपी घेत नाही."

"अजून दाब."

तिने दाबलं. तीन टोप्यांतून जास्तच आलं, चौथी तशीच. मनरूपाने टॉर्च तोंडात धरून मान पुढे केली. त्या टोपीच्या कडेला लालसर भुकटी जमली होती. तिने बोट लावून बघितलं.

"बूढा, इथे कुणी शेंदूर लावलाय का?"

बाहेरचे बूट एकदम स्थिर झाले.

"काय म्हणालीस?"

"लाल पूड आहे. कोरडी. आणि शाफ्ट हलवला की टक् होतं. हे ऐका." तिने दोन्ही हातांनी शाफ्ट धरून पिळला. टक्. पुन्हा पिळला. टक्.

"माझ्या गाडीत टक् नाही," तो म्हणाला. "फाल्गुनात मीच बघितलंय. दुसरीकडे कुठे वाजत असेल."

"तुम्ही या आणि ऐका."

तो आला. खांदा सांभाळत, कुरकुरत, तिच्या शेजारी पोत्यावर आडवा झाला. दोघं जीपखाली शेजारी शेजारी, तोंडं वर. तिने टॉर्च धरली आणि शाफ्ट पिळला. त्याने डाव्या हाताचं बोट टोपीवर ठेवलं होतं. टक् त्याच्या बोटातून आत गेलं, तिला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

दोघांनाही माहीत होतं, हा सांधा कुठे तुटला असता. संदकफूच्या वाटेत, गैरीबासच्या वरच्या वळणावर, पहिल्या गिअरमध्ये, मागे माणसं बसलेली असताना. तुटला की शाफ्ट खाली पडतो, आणि मागच्या चाकांचा जोर जातो, आणि त्या गाडीचा हातब्रेकही मागच्या शाफ्टवरच असतो.

"आतल्या बेअरिंगच्या सुया पावडर झाल्यात," तो हळूच म्हणाला. "गंजून. किती दिवस ग्रीस पोचलंच नसेल तिथे. बाबांच्या गनचं तोंड ढिलं झालं होतं. मी दांड्याचे हिसके मोजायचो आणि समजायचो, गेलं आत."

मनरूपाने टॉर्च बाजूला ठेवली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तो जे म्हणाला ते म्हणायला त्याला काय पडलं असेल, हे तिला दिसत होतं.

"तू बघितलंस," तो म्हणाला. "मी नसतं बघितलं."

मग तो सरपटत बाहेर गेला, उभा राहिला आणि कुंपणाकडे तोंड करून ओरडला, "नोर्बू! ए नोर्बू! तुझ्या पेटीत मागच्या शाफ्टचा क्रॉस आहे ना?"

नोर्बूचं डोकं वर आलं. "आहे की. का? जेठी आजारी?"

"घेऊन ये. आणि तूही ये. हातोडी मारायला खांदा लागतो."

नोर्बूने कानात बोट घालून हलवलं. "दाजू, पुन्हा म्हणा. मी? तुमच्या गाडीखाली?"

"येतोस की ताडपत्री घालू पुन्हा?"

नोर्बू कुंपणावरून उडी मारूनच आला. जीपखालून निघणाऱ्या मनरूपाला बघून तो जागच्या जागी थबकला. तिच्या गालावर ग्रीस, कपाळावर चिखल, हातात पिस्तूल.

"बाप रे! भाउजू, कुणाचा खून केलात?"

"अजून नाही," ती म्हणाली. "तुझ्या गाडीचा तो पट्टा थांबला नाही तर बघू."

शाफ्ट उतरवायला, जुना क्रॉस ठोकून काढायला आणि नवा बसवायला दुपार गेली. ठोकाठोकी नोर्बूची, देखरेख रत्नध्वजची. पण नवा क्रॉस बसल्यावर नोर्बूने गनकडे हात नेला तेव्हा रत्नध्वजने त्याचं मनगट धरलं.

"ते काम तिचं."

मनरूपा पुन्हा आत गेली. चारही टोप्यांतून ग्रीस आलं. ती आणखी थोडा वेळ तिथेच पडून राहिली. वर तिच्या सवतीचं सगळं पोट दिसत होतं, काळं, जुनं, ठिकठिकाणी वेल्डिंगचे व्रण असलेलं, आणि प्रत्येक सांध्यावर नव्या ग्रीसची बारीक पिवळी कड. एवढी वर्षं ती ह्या गाडीत बसली होती, तिच्या कमाईवर चूल पेटवली होती, पण ही तिने कधी पाहिलीच नव्हती. आता ती ओळखीची झाली. आणि आपल्या हातची.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सगळ्या जिपा धुऊन, झेंडूच्या माळा घालून स्टँडवर ओळीने लागल्या. धुकं होतं, पण ढोल वाजत होता. बाया सेलरोटी आणि आलुदमची भांडी घेऊन एका बाजूला, गडी गाड्यांशी. पूजेनंतर चालक एकमेकांच्या गाड्या बघत, टायरला लाथा मारत, खोड्या काढत फिरतात, तसं चाललं होतं. वरच्या अंगाचे म्हातारे चालक छिरिंग आप्पा काठी टेकत जेठीपाशी आले, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "वा रे रत्नध्वज! खांदा मोडूनही सांधे असे भरलेस? नव्या नवरीला तेल चोपडल्यासारखे."

मनरूपाने हातातला झारा थांबवला. आता तो मान हलवील, हसून वेळ मारून नेईल. तिने त्याला मनातल्या मनात माफही करून टाकलं. भर स्टँडवर पुरुषाने आणखी करायचं तरी काय?

रत्नध्वजने घसा साफ केला.

"मी नाही, आप्पा. माझ्या बायकोने." तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की ढोलवाल्यानेही मान वळवली. "गन तिनेच पारखून आणली. ग्रीस तिनेच भरलं. मागच्या शाफ्टचा क्रॉस खलास झाला होता, तोही तिनेच पकडला. मला दिसला नव्हता. ह्या सीझनला माझ्या गाडीत बसून कुणी वर सुखरूप पोचला, तर तो तिच्या हाताने पोचला असं समजा."

मग छिरिंग आप्पांनी काठी काखेत धरली आणि बायांच्या घोळक्याकडे वळून दोन्ही हात जोडले. नोर्बूने शिट्टी मारली. शेजारणी मनरूपाला कोपरांनी ढोसू लागल्या. तिने मान खाली घातली नाही. सरळ उभी राहिली आणि सगळ्यांना बघू दिलं.

"भाउजू," नोर्बू तेवढ्यात पुढे आला, हातात माळ, आवाजात लोणी. "उद्या जरा माझ्या गाडीखालीही..."

"आधी तुझ्या बायकोला विचार," मनरूपा म्हणाली. "ती का नाही शिरत? मी शिकवते तिला. गन देईन, ग्रीस तुझं. आणि तू बाहेर मोढ्यावर गप्प बसायचं."

नोर्बूची बायको पेमकित घोळक्यातून हात पुसत पुढे आली. "कधी येऊ, दीदी?"

"सकाळी ये. धार काढून झाल्यावर. आणि केस घट्ट बांधून ये."